वाचनालयाचे संकेतस्थळ वर्डप्रेसवर चालवताना

शताब्दी महोत्सव, नव्या इमारतीचे उद्घाटन किंवा एखाद्या देणगीदाराचा आग्रह अशा निमित्ताने अनेक सार्वजनिक वाचनालयांची संकेतस्थळे तयार होतात, आणि काही वर्षांनी पाहावे तर पहिल्या पानावर त्याच उद्घाटनाची निमंत्रणपत्रिका, मागच्या कार्यकारी मंडळाची नावे आणि बंद पडलेला दूरध्वनी क्रमांक एवढेच उरलेले असते. उभारणीसाठी पैसे आणि उत्साह दोन्ही मिळतात. पुढे ते चालवायचे कोणी, हे मात्र ठरलेले नसते. या लेखाचा विषय तो पुढचा भाग आहे. प्रोग्रॅमिंग न येणारे ग्रंथपाल, कार्यवाह किंवा हौसेने मदत करणारे सभासद यांना वर्डप्रेसवरील संकेतस्थळ स्वतःच्या बळावर कसे सांभाळता येईल, ते येथे सांगितले आहे. शाळा, गृहनिर्माण संस्था किंवा परदेशातील महाराष्ट्र मंडळे यांनाही यातील बरेचसे लागू पडेल, पण उदाहरणे वाचनालयाचीच घेतली आहेत.

वर्डप्रेस ही एक आशय-व्यवस्थापन प्रणाली, म्हणजे सीएमएस आहे. तिच्यात मजकूर डेटाबेसमध्ये साठवला जातो, त्याचे रूप थीम ठरवते आणि वाचकाने पान उघडले की सर्व्हर या दोहोंची जुळणी करून ते पान त्याच्यापुढे ठेवतो. त्यामुळे थीम बदलली तरी मजकूर जागच्या जागी राहतो आणि मजकूर बदलण्यासाठी थीमला हात लावावा लागत नाही. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी बी-टू नावाच्या जुन्या सॉफ्टवेअरवरून वर्डप्रेस तयार केले आणि २७ मे २००३ रोजी त्याची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. ते मुक्त परवान्याखाली असल्याने त्यासाठी शुल्क पडत नाही. द्रुपल आणि जूमला हे पर्यायही जुने आणि भक्कम आहेत. तरीही वाचनालयाने वर्डप्रेसच घ्यावे असे मला वाटते, आणि त्याचे कारण गुणवत्तेपेक्षा सोयीचे आहे : अडचण आली तर तालुक्याच्या गावीही ते जाणणारे कोणीतरी भेटते.

किल्ल्या कोणाच्या हाती

पहिला मजकूर लिहिण्याआधी मालकीचा प्रश्न निकालात काढावा. संकेतस्थळाला तीन गोष्टी लागतात : नाव म्हणजे डोमेन, जागा म्हणजे होस्टिंग, आणि या दोन्हींची खाती ज्या ई-मेल पत्त्याशी जोडलेली असतात तो पत्ता. तिघांत सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाचा तो ई-मेल पत्ता. तो कार्यवाहांचा किंवा त्यांच्या भाच्याचा वैयक्तिक पत्ता नसावा. वाचनालयाच्या नावाने स्वतंत्र पत्ता काढावा, त्याचा पासवर्ड लिहून लिफाफ्यात बंद करून दफ्तरी ठेवावा आणि तशी नोंद कार्यकारी मंडळाच्या इतिवृत्तात करावी. डोमेनची नोंदणी संस्थेच्या नावाने असावी, पावती संस्थेच्या नावाने घ्यावी आणि नूतनीकरणाची तारीख लेखापरीक्षणाच्या तारखेइतक्याच गांभीर्याने लिहून ठेवावी. डॉट इन हे डोमेन एका वेळी १० वर्षांपर्यंत नोंदवता येते. पैसे असतील तर मुदत जास्तच घ्यावी, कारण मुदत संपल्यावर ते नाव दुसऱ्याने घेतले तर परत मिळवणे खर्चाचे आणि कटकटीचे होते.

देवनागरीतील डॉट भारत हे डोमेन २०१४ पासून उपलब्ध आहे आणि वाचनालयाचे नाव मराठीत पत्ता म्हणून लिहिता येणे आनंदाचे आहे. तरीही ते एकमेव डोमेन म्हणून घेऊ नये. पडद्यामागे असे पत्ते रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपात चालतात, आणि काही ठिकाणी दुवा पेस्ट केल्यावर वाचकाला ते अगम्य रूपच दिसते. डॉट इन हे मुख्य ठेवून देवनागरी नाव त्याकडे वळवावे.

होस्टिंग घेताना डॉट कॉम आणि डॉट ऑर्ग यांतील गोंधळ टाळावा. वर्डप्रेस डॉट कॉम ही ऑटोमॅटिक या कंपनीची सेवा आहे; तेथे जागा, सॉफ्टवेअर आणि देखभाल एकत्र मिळते, परंतु कोणत्या सोयी वापरता येतील हे आपण घेतलेल्या योजनेवर अवलंबून असते. वर्डप्रेस डॉट ऑर्गवर सॉफ्टवेअर मोफत मिळते. ते आपण भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर बसवायचे असते. पुढील विवेचन या दुसऱ्या प्रकाराला धरून आहे. ज्या वाचनालयात नियमित लक्ष घालणारे कोणीच नाही, त्याने मात्र पहिला प्रकार निवडण्यात कमीपणा मानू नये.

वर्डप्रेस बसवल्यावर सामान्य सेटिंग्जमध्ये प्रशासकाचा ई-मेल म्हणून संस्थेचाच पत्ता द्यावा. २०१९ मध्ये आलेल्या ५.२ या आवृत्तीपासून एखाद्या प्लगइनमुळे, म्हणजे जादा सोयीसाठी वर्डप्रेसला जोडलेल्या छोट्या सॉफ्टवेअरमुळे, संकेतस्थळ कोसळले तर वर्डप्रेस या पत्त्यावर एक खास दुवा पाठवते. तो उघडून आत शिरता येते आणि दोषी प्लगइन बंद करता येते. तो पत्ता संस्था सोडून गेलेल्या माणसाचा असेल तर सुटकेची ही वाट त्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहते.

आधी कागदावर आराखडा

वाचनालयाच्या संकेतस्थळावर लोक कशासाठी येतात, हे काउंटरवर बसणाऱ्या कर्मचाऱ्याला विचारावे. आज उघडे आहे का, सभासद होण्यासाठी काय लागते, वर्गणी आणि अनामत किती, अमुक पुस्तक आहे का, अभ्यासिकेत जागा आहे का, या प्रश्नांतच बहुतेक सर्व येते. अध्यक्षांचे मनोगत यात नाही. ते संकेतस्थळावर असायला हरकत नाही, पण पहिल्या पानावर नको.

वर्डप्रेसमध्ये मजकुराचे मूळ प्रकार दोन आहेत. जे सहसा बदलत नाही ते पेज आणि जे तारखेने घडते ते पोस्ट. वाचनालयाचा इतिहास, नियमावली, वर्गणीचे दर, कार्यकारी मंडळ आणि संपर्क ही पेजेस. व्याख्यानमालेची घोषणा, नव्या पुस्तकांची यादी, सभेची सूचना आणि सुट्टीचा बदल या पोस्ट. हा भेद न पाळता प्रत्येक कार्यक्रमासाठी नवे पेज करून ते मेन्यूत टाकण्याची सवय लागली, तर वर्षभरात मेन्यू मोबाइलच्या पडद्यावर मावेनासा होतो. मेन्यूत सहा-सात नोंदींपेक्षा जास्त ठेवू नयेत. वाचन सेटिंग्जमध्ये मुखपृष्ठ म्हणून एक स्थिर पेज निवडावे, त्यावर वेळ, पत्ता आणि दूरध्वनी सर्वांत वर द्यावा आणि ताज्या चार-पाच पोस्ट त्याखाली दाखवाव्यात.

पोस्टची विभागणी कॅटेगरी आणि टॅग यांनी होते. ग्रंथपालांना हे समजावणे सोपे आहे : कॅटेगरी म्हणजे ग्रंथ ज्या वर्गात लावला तो वर्ग, आणि टॅग म्हणजे ग्रंथाच्या शेवटची विषयसूची. कॅटेगरी आधी ठरवून थोड्याच ठेवाव्यात. सूचना, कार्यक्रम, नवी पुस्तके आणि अहवाल एवढ्या चार बहुतेकांना पुरतात. टॅग नाही वापरले तरी काही बिघडत नाही. एकाच गोष्टीसाठी ‘व्याख्यान’, ‘व्याख्याने’ आणि ‘व्याख्यानमाला’ असे तीन टॅग तयार होण्यापेक्षा एकही नसलेला बरा.

एक मोह येथेच आवरावा, तो म्हणजे ग्रंथसूची वर्डप्रेसमध्ये भरण्याचा. प्रत्येक पुस्तकाची एक पोस्ट करून हजारो नोंदी टाकता येतात हे खरे, परंतु देवघेव, प्रतींची संख्या आणि दाखल क्रमांक हे सांभाळणे हे या सॉफ्टवेअरचे कामच नाही. त्यासाठी न्यूझीलंडमध्ये जन्मलेले आणि २००० पासून वापरात असलेले कोहा आहे, राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राचे ई-ग्रंथालय आहे. सूची तेथे ठेवावी आणि संकेतस्थळावरून तिचा ठळक दुवा द्यावा.

वेळेसारखी जी माहिती अनेक ठिकाणी दाखवायची असते, ती प्रत्येक पानावर वेगवेगळी लिहू नये. ब्लॉक एडिटरमध्ये, म्हणजे मजकूर वेगवेगळ्या तुकड्यांनी रचण्याच्या वर्डप्रेसच्या संपादकात, ‘सिंक्ड पॅटर्न’ नावाची सोय आहे. पूर्वी तिला पुनर्वापराचे ब्लॉक म्हणत. वाचनालयाच्या वेळा आणि साप्ताहिक सुट्टी यांचा एक पॅटर्न करून तो हव्या त्या पानांत घातला, की उन्हाळ्यात वेळ बदलल्यावर एका ठिकाणी केलेली दुरुस्ती सगळीकडे उमटते. मुखपृष्ठावर एक वेळ आणि संपर्काच्या पानावर दुसरी, हा प्रकार मग उद्भवत नाही.

मराठी मजकूर

मराठी संकेतस्थळांच्या बहुतेक दुखण्यांचे मूळ या भागात आहे, आणि इंग्रजीतील मार्गदर्शनांत त्याची उत्तरे सापडत नाहीत.

संकेतस्थळाची भाषा सामान्य सेटिंग्जमध्ये मराठी निवडावी. यामुळे तारखांतील महिन्यांची नावे मराठीत येतातच, शिवाय पानाच्या मुळाशी भाषा मराठी असल्याची नोंद होते. ती नोंद असल्यावर स्क्रीन रीडर, म्हणजे दृष्टिहीनांना पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, योग्य आवाज निवडू शकतो, आणि ज्या फाँटमध्ये तशी तजवीज केलेली असते तो ‘ल’ आणि ‘श’ यांची हिंदी वळणाऐवजी मराठी वळणे दाखवतो. नियंत्रणकक्षही, म्हणजे लॉग-इन केल्यावर दिसणारा डॅशबोर्डही, मराठीत चालवायचा की नाही, हे मात्र प्रत्येक वापरकर्त्याने आपल्या प्रोफाइलमध्ये स्वतंत्रपणे ठरवावे. २०१६ अखेरच्या ४.७ या आवृत्तीपासून ती मुभा आहे. ज्यांना अडचणीचे उत्तर इंटरनेटवर शोधावे लागते, त्यांनी तो इंग्रजीत ठेवणे व्यवहार्य आहे, कारण उत्तरांतील बटणांची नावे इंग्रजीत असतात. वेळेच्या विभागात कोलकाता निवडायला विसरू नये. अन्यथा संध्याकाळी सहाला ठरवलेली पोस्ट साडेअकराला निघेल.

जुने अहवाल आणि स्मरणिका छापखान्यात श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत जुळवलेल्या असतात. तो मजकूर उचलून वर्डप्रेसमध्ये चिकटवला की रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. यावर तो फाँट संकेतस्थळावर बसवण्याचा उपाय कोणी सुचवला तर ठामपणे नाकारावा. त्याने पडद्यावर मराठी दिसेल, पण शोधयंत्राला, स्क्रीन रीडरला आणि मजकूर कॉपी करणाऱ्याला ती खिचडीच मिळेल. परिवर्तकाने मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना समजणाऱ्या प्रमाणित अक्षर-संकेतांत, आणावा आणि नंतर एका माणसाने तो मुळाशी ताडून वाचावा. रफार, जोडाक्षरे आणि ‘ऱ्या’ यांत परिवर्तक हमखास घसरतात.

युनिकोडमध्येही एक छुपी अडचण आहे. ‘ॲ’ हे अक्षर स्वतंत्र संकेताने लिहिता येते आणि ‘अ’वर चंद्र देऊनही लिहिता येते. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसली तरी संगणकाच्या दृष्टीने ती भिन्न आहेत. एकाने ‘ॲरिस्टॉटल’ एका पद्धतीने लिहिला आणि वाचकाने दुसऱ्या पद्धतीने शोधला तर वर्डप्रेसच्या शोधात तो सापडणार नाही. संस्थेत सर्वांनी एकच कळफलक वापरावा, शक्यतो इन्स्क्रिप्ट, आणि तीच पद्धत नव्या माणसालाही शिकवावी.

आता पानाच्या पत्त्याविषयी. पोस्टचे शीर्षक मराठीत लिहिले की वर्डप्रेस त्यावरूनच पत्त्याचा शेवटचा भाग, म्हणजे स्लग, तयार करते. देवनागरीतील प्रत्येक अक्षर, काना, मात्रा आणि हलन्त हे युनिकोडमध्ये तीन बाइट घेतात आणि पत्त्यात सांकेतिक रूपाने लिहिताना प्रत्येकाची नऊ चिन्हे होतात. स्लगला २०० चिन्हांची मर्यादा असल्याने कानामात्रांसह जेमतेम बावीस अक्षरे त्यात बसतात. ‘वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना’ या शीर्षकातील ‘सूचना’ हा शब्द पत्त्यात येतच नाही, आणि पुढे वर्ष लिहिले असेल तर तेही गळते. परिणामी पुढच्या वर्षीच्या सूचनेचा पत्ता तोच तयार होऊ पाहतो आणि वर्डप्रेसला त्याला वेगळे करण्यासाठी शेवटी आकडा चिकटवावा लागतो. शिवाय हा दुवा व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्क्यांच्या खुणांनी भरलेली दोन-तीन ओळींची माळ दिसते आणि सावध सभासद तिला फसवणूक समजून हात लावत नाहीत.

म्हणून शीर्षक मराठीत आणि स्लग रोमन लिपीत ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. परमलिंक सेटिंग्जमध्ये पोस्टच्या नावाचा पर्याय निवडावा आणि प्रकाशित करण्यापूर्वी स्लगच्या रकान्यात लहान रोमन अक्षरांत, शब्दांमध्ये आडवी रेघ देऊन, दोन-तीन शब्द आणि वर्ष लिहावे. एकदा प्रकाशित झालेला पत्ता पुन्हा बदलू नये. पोस्टचा स्लग बदलल्यास वर्डप्रेस जुन्या पत्त्याची नोंद ठेवून वाचकाला नव्याकडे वळवते. पेजच्या बाबतीत अशी नोंद ठेवली जात नाही, त्यामुळे जुन्या पत्रकांवर छापलेला दुवा मोडतो.

प्रत्यक्ष लेखनासाठी ब्लॉक एडिटर वापरावा. डिसेंबर २०१८ मधील ५.० आवृत्तीपासून तोच मूळ संपादक आहे. परिच्छेद, उपशीर्षक, यादी, तक्ता आणि चित्र हे पाच ब्लॉक आले की वाचनालयाचे काम भागते. उपशीर्षकासाठी परिच्छेदाची अक्षरे ठळक आणि मोठी करण्याऐवजी हेडिंगचाच ब्लॉक घ्यावा, आणि रंग व फाँट प्रत्येक परिच्छेदाला वेगळे देऊ नयेत. असे हाताने केलेले नटवणे मजकुराच्या आत जाऊन बसते आणि थीम बदलल्यावर जुन्या पोस्ट विजोड दिसू लागतात. फाँटची निवड एकदाच, थीमच्या पातळीवर करावी. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने तयार केलेला ‘मुक्त’ (Mukta) हा फाँट किंवा ‘नोटो सॅन्स देवनागरी’ हे दोन्ही विनामूल्य आहेत आणि मोबाइलवर स्वच्छ वाचता येतात. देवनागरीत वर-खाली मात्रा असल्याने ओळींतील अंतर इंग्रजीपेक्षा थोडे जास्त ठेवावे.

सूचना चित्रात नको

पत्रक संगणकावर सजवायचे, त्याचे चित्र करायचे, ते गटावर पाठवायचे आणि तेच संकेतस्थळावर चढवायचे, ही रीत सध्या सर्वत्र रूढ आहे. गटासाठी ती ठीक असेल, संकेतस्थळासाठी नाही. चित्रातील तारीख शोधयंत्राला दिसत नाही, दृष्टिहीन वाचकाला ऐकता येत नाही आणि कार्यक्रमाची वेळ बदलली तर पूर्ण पत्रक नव्याने करावे लागते. सूचनेचा मजकूर टंकित करावा आणि पत्रक हवेच असेल तर खाली जोडावे. प्रत्येक चित्रासोबत पर्यायी मजकुराचा रकाना असतो. त्यात ‘फोटो १’ असे न लिहिता चित्रात काय आहे ते एका वाक्यात सांगावे.

मोबाइलवर काढलेली छायाचित्रे काही एमबींची असतात. २०१९ च्या अखेरीस आलेल्या ५.३ आवृत्तीपासून वर्डप्रेस २५६० पिक्सेलपेक्षा मोठ्या चित्राची आटोपशीर प्रत करून तीच वापरते, पण मूळ फाइलही सर्व्हरवर ठेवते आणि त्याशिवाय लहान-मोठ्या आकाराच्या आणखी प्रती तयार करते. एका स्नेहसंमेलनाची दीडशे छायाचित्रे तशीच चढवली तर भाड्याची जागा लवकर भरते. चांगली दहा-बारा निवडावीत, आधीच लहान करावीत आणि फाइलचे नाव रोमन अक्षरांत ठेवावे, कारण सर्व्हर बदलताना देवनागरी नावांच्या फाइली कधी कधी हरवतात.

पीडीएफबाबतही तारतम्य हवे. लेखापरीक्षित ताळेबंद पीडीएफमध्ये असणे योग्य आहे, परंतु नियमावली आणि वर्गणीचे दर पानावर मजकूर म्हणूनच द्यावेत. वर्डप्रेसचा मूळ शोध पीडीएफच्या आत डोकावत नाही.

दुर्मीळ ग्रंथांच्या प्रती चढवण्यापूर्वी स्वामित्वहक्क तपासावा. भारतात १९५७ च्या अधिनियमानुसार लेखकाच्या निधनानंतर पुढील कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे हक्क टिकतो. म्हणजे १९६४ मध्ये निधन झालेल्या लेखकाचे साहित्य १ जानेवारी २०२५ पासून मुक्त झाले. मात्र नव्या आवृत्तीची प्रस्तावना किंवा टिपा दुसऱ्या कोणाच्या असतील तर त्यांचा हिशोब वेगळा होतो. सभासदांची यादी पत्ते आणि दूरध्वनींसह चढवण्याची प्रथा तर बंदच करावी. व्यक्तीच्या विदेच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा झाला आहे आणि तो नसता तरी ज्येष्ठ सभासदांचे क्रमांक फसवणूक करणाऱ्यांच्या हाती देण्याचे काही कारण नाही.

कोणी काय करायचे

वर्डप्रेसमध्ये पाच मूळ भूमिका आहेत : प्रशासक, संपादक, लेखक, योगदानकर्ता आणि सदस्य. प्रशासक दोनच असावेत आणि त्यांनीही रोजच्या लेखनासाठी संपादकाचे वेगळे खाते वापरावे. ग्रंथपालांना संपादक करावे. व्याख्यानाचा वृत्तान्त लिहिणाऱ्या सभासदाला योगदानकर्ता केले तर तो मसुदा लिहून तपासणीसाठी पाठवू शकतो, स्वतः प्रसिद्ध करू शकत नाही. त्याला छायाचित्रेही चढवता येत नाहीत, ती संपादकाने घालावीत. एकच खाते पाच जणांनी वापरण्याची पद्धत सोयीची वाटते, पण मग कोणती दुरुस्ती कोणी केली हे कळत नाही आणि एकाने काम सोडले की सर्वांचा पासवर्ड बदलावा लागतो.

वर्डप्रेस प्रत्येक पोस्टच्या मागील आवृत्त्या जपून ठेवते. कोणी चुकून परिच्छेद पुसला तर ‘रिव्हिजन’मध्ये जाऊन आधीचा मजकूर परत आणता येतो, आणि कचरापेटीत टाकलेली पोस्ट ३० दिवस तेथे राहते. नव्या माणसाला हे पहिल्याच दिवशी दाखवून द्यावे, म्हणजे तो बिचकत नाही.

पोस्ट आगाऊ लिहून तिला तारीख आणि वेळ देता येते. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन यांच्या घोषणा महिनाभर आधी तयार ठेवता येतात. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी : वर्डप्रेसचे हे घड्याळ कोणीतरी संकेतस्थळ उघडले की चालते. पहाटे सहाची वेळ दिली आणि आठपर्यंत कोणी फिरकलेच नाही, तर पोस्ट आठनंतर निघते. वर्दळ कमी असलेल्या संकेतस्थळावर वेळेचे बंधन असलेल्या सूचनेसाठी स्वतः एकदा पान उघडून पाहावे.

वाचकांच्या प्रतिक्रिया खुल्या ठेवायच्या असतील तर त्या तपासणारा माणूस आधी नेमावा. तो नसेल तर चर्चा सेटिंग्जमधून त्या बंद कराव्यात आणि संपर्काचा पत्ता द्यावा.

देखभाल

महिन्यातून एक दिवस ठरवून त्या दिवशी पुढील कामे याच क्रमाने करावीत. प्रथम बॅकअप घ्यावा. बॅकअप म्हणजे फाइली आणि डेटाबेस हे दोन्ही. टूल्समधील निर्यातीच्या सोयीतून मजकूर मिळतो, चित्रे मिळत नाहीत, त्यामुळे तिच्यावर विसंबू नये. अपड्राफ्टप्लससारखे प्लगइन हे काम नियमित करते, मात्र प्रत त्याच सर्व्हरवर न ठेवता संस्थेच्या ड्राइव्हवर आणि एखाद्या हार्डडिस्कवर ठेवावी. वर्षातून एकदा ती प्रत दुसऱ्या ठिकाणी उभी करून पाहावी, कारण परत उभी राहते की नाही हे न तपासलेला बॅकअप भरवशाचा नसतो.

त्यानंतर अपडेट करावेत. २०१३ मधील ३.७ आवृत्तीपासून सुरक्षेचे छोटे अपडेट वर्डप्रेस आपोआप घेते, तरी प्लगइन आणि थीम यांकडे लक्ष द्यावे लागते. सर्व एकदम न करता एकेक करावे आणि प्रत्येकानंतर मुखपृष्ठ, एक पोस्ट आणि संपर्काचा अर्ज उघडून पाहावा. बिघाड झाला तर तो कशामुळे हे लगेच कळते. थीमच्या फाइलींत थेट बदल करू नयेत, कारण अपडेटसोबत ते पुसले जातात. आवश्यकच असेल तर जाणकाराकडून चाइल्ड थीम, म्हणजे मूळ थीमला धक्का न लावता बदल वेगळे ठेवणारी जोड-थीम, करून घ्यावी.

प्लगइनच्या बाबतीत कंजूषपणा हा गुण मानावा. बॅकअप, सुरक्षा, संपर्क-अर्ज आणि फार तर एक वेग वाढवणारे, एवढ्यात भागते. नवे घेताना ते शेवटचे कधी अद्ययावत झाले आणि सध्याच्या आवृत्तीवर तपासले आहे का, हे त्याच्या पानावर पाहावे. जे वापरत नाही ते नुसते बंद न ठेवता काढून टाकावे. सशुल्क प्लगइनच्या फुकट प्रती कोणी पेन ड्राइव्हवर आणून दिल्या तर त्या बसवू नयेत. त्यांत घुसखोरीचा कोड दडवलेला असण्याची शक्यता मोठी असते.

टूल्समधील ‘साइट हेल्थ’ हे पान त्याच दिवशी पाहावे. वर्डप्रेस ज्या प्रोग्रॅमिंग भाषेवर चालते ती पीएचपी सर्व्हरवर जुनी झाली असल्यास ते सांगते आणि तेवढा संदेश होस्टिंगवाल्यांना जसाच्या तसा पाठवला तरी पुरते. संकेतस्थळाचा पत्ता सुरक्षित, म्हणजे https ने सुरू होणारा, असावा यासाठी लागणारे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या सेवेकडून विनामूल्य मिळते. त्याची मुदत थोडी असल्याने त्याचे नूतनीकरण आपोआप होते आहे ना, याची होस्टिंगवाल्यांकडून खात्री करून घ्यावी. संकेतस्थळ नव्याने सुरू केले असेल तर वाचन सेटिंग्जमधील शोधयंत्रांना परावृत्त करणारी खूण काढली आहे का, हेही पाहावे. उभारणीच्या काळात केलेली ती खूण तशीच राहिली तर वाचनालयाचे नाव अचूक लिहूनही संकेतस्थळ शोधात येत नाही आणि कारण लवकर कोणाला उमगत नाही.

नवे मंडळ आल्यावर

निवडणूक होऊन कार्यकारी मंडळ बदलले की धर्मादाय आयुक्त कार्यालयात फेरफार अर्ज दाखल केला जातो. त्याच आठवड्यात संकेतस्थळाचाही कार्यभार सोपवावा. डोमेन आणि होस्टिंग यांच्या मुदती, संस्थेच्या ई-मेलचा पासवर्ड, बॅकअपची जागा, वापरातील प्लगइनची नावे आणि प्रत्येक कशासाठी आहे याची एक ओळ, असे सर्व एका पानावर लिहून द्यावे. दोन पायऱ्यांचे लॉग-इन मावळत्या कार्यवाहांच्या मोबाइलशी जोडलेले असेल तर ते त्यांच्या उपस्थितीतच नव्या क्रमांकावर न्यावे. नंतर त्यांना शोधत फिरणे दोघांनाही अवघड होते.

मावळत्या माणसाचे खाते लगेच काढू नये. प्रथम त्याची भूमिका सदस्य एवढीच करावी आणि महिनाभर काही अडत नाही ना, हे पाहावे. नंतर खाते काढताना त्याने लिहिलेल्या मजकुराचे काय करायचे, असे वर्डप्रेस विचारते आणि दोन पर्याय देते : सर्व मजकूर पुसणे किंवा तो दुसऱ्या वापरकर्त्याच्या नावे करणे. येथे घाई न करता दुसरा पर्याय निवडावा, आणि मजकूर कोणा व्यक्तीच्या नावावर न नेता ‘वाचनालय’ या नावाने आधीच काढून ठेवलेल्या खात्याच्या नावावर न्यावा.